निर्माल्याचं पिंप

ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार असेल. सासूबाई गेल्या आणि आम्ही सासऱ्यांना मालवणहून मुलुंडला घेऊन आलो. तळमजल्यावरची जागा, मागे चार हात माती. त्यांचं मन काही रमेना. दर दोन दिवसांनी "माका गावाक धाडा" ठरलेलं. तिथल्या रिकाम्या घरात ते एकटे काय करणार, म्हणून मी विषय बदलायचे.

मग एकदा त्यांनी खत करायला भंगारवाल्याकडून पत्र्याचं पिंप आणलं. खिळ्याने भोकं पाडली, विटांवर चढवलं आणि त्यात भाजीची सालं, चहाचा चोथा, वाळकी पानं, वर मूठभर माती असे थर देऊ लागले. सालं बारीक चिरली नाहीत तर मला ओरडायचे. ओरडू लागले यातच मी खूश!

वरच्या मजल्यावरच्या काकूंना निर्माल्य घेऊन खाडीवर जाणं गुडघ्यांमुळे जमेना. त्या रोज ते सासऱ्यांकडे देऊ लागल्या. सासरे हात धुऊन फुलं ओंजळीत घ्यायचे आणि पिंपात सोडायचे. तेव्हापासून मासळीची घाण पिंपात टाकायला मला सक्त मनाई. ती खड्डा करून मागच्या केळीच्या बुंध्याशी पुरायची.

एका सकाळी ऑफिसची घाई होती. खड्डा कोण खणणार? बांगड्यांची मुंडकी मी सरळ पिंपात ढकलली. संध्याकाळी येते तर मांजराने सगळं उपसलेलं, झेंडूच्या माळेत मुंडकं अडकलेलं, आणि काकू रडवेल्या होऊन सासऱ्यांना म्हणताहेत, "देवाची फुलं हो ती!"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काकूंना हात जोडले. "चूक माझी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंप रिकामं केलं. "आयतवारी गावाक जातंय," एवढंच बोलले.

दोन दिवस मी काकूंची नजर टाळली. मला माझीच चीड आली. शेवटी वर जाऊन काकूंना खरं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. सकाळी मात्र फुलांची परडी घेऊन स्वतः खाली आल्या. "घेताय ना?" सासऱ्यांनी हात धुतले.

त्या गेल्यावर ते माझ्यावर उखडले. "सांगलंस कित्याक गे? तुका हयच ऱ्हवाचा आसा. माझा काय, मी पावणो."

मी आत गेले आणि कपाटातला एक कप्पा रिकामा करायला घेतला. वर्षभर त्यांचे कपडे पाहुण्यासारखे पलंगाखालच्या ट्रंकेतच होते, आणि मला ते कधी खटकलं नव्हतं.