लायरची दांडी

शुद्धलेखन माझं कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. पण माझा हात जड आहे, असं अण्णा चारचौघांत म्हणाले, ते मला आजही कबूल नाही.

अण्णा म्हणजे हेब्बाळच्या आमच्या वाद्यांच्या कारखान्याचे मालक. नव्वदनंतर तिथे लायर नावाचं परदेशी वाद्य बनू लागलं. फणसाच्या लाकडाची पोकळ पेटी, तिला दोन वाकडे हात, वर आडवी दांडी, मध्ये दहा तारा. मांडीवर उभं धरून डाव्या खांद्याला टेकवायचं, उजव्या बोटांनी तार छेडायची आणि नको ती तार डाव्या बोटाने मागून दाबून गप्प करायची.

तारा चढवायचं काम माझं. पहिली या टोकाची, दुसरी त्या टोकाची, मग असंच आत आत यायचं. एकाच बाजूने चढवल्या तर दांडीवर तिकडूनच ओढ बसते आणि ती तडकते.

एकदा एक दांडी तडकलीच.

"अक्का, वाद्य आहे हे, विहिरीचा दोर नव्हे!" अण्णा ओरडले. सगळे हसले. पगारातून चारशे कापले, घरभाड्यातले. मी घरी जाऊन भांडी आपटली.

पुढच्या महिन्यात संगीत शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडून नेलेलं लायर घेऊन आल्या. दांडीला तसाच तडा.

"ही हिचीच करामत," अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "स्वल्प थांबा, बदलून देतो."

माझी कानशिलं तापली. "अण्णा, याच्या तारा तुम्ही चढवल्यात. मी आठवडाभर तापाने घरी होते. ती आधीची दांडीही त्याच आठवड्यातली."

"मग? तार ओढायला काय शास्त्र लागतं?"

"मग ओढा ना, बाईंसमोर."

त्यांनी नवं लायर घेतलं. डावीकडून एक, दोन, तीन. चौथ्या तारेला दांडी कुरकुरली.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या, "मला अख्खं न्यायचंय."

मी त्या तारा उतरवल्या, माझ्या पद्धतीने दहाही चढवल्या, वाजवून बाईंच्या हाती दिल्या. त्या गेल्यावर अण्णांसमोर उभी राहिले.

"माझे चारशे?"

"सरी, सरी, बरं. दिवाळीला बघू."

"कापताना दिवाळी बघितली नव्हती."

त्यांनी दोनशे काढून फळीवर टाकले. हातात नाही, फळीवर! चूक झाली, हे दोन शब्द तर नाहीतच. उरलेले दोनशे शनिवारी पगाराच्या वेळी सगळ्यांसमोर परत मागितले. खाली बघत त्यांनी दोनशे दिले. मी तिथेच मोजले. चारशे पूर्ण झाले.