कोयत्यात कोण कोण

पंचशीला जोगदंड पहिल्यांदा आमच्या वसतिगृहात आली तेव्हा मी तिला हाकलूनच देणार होतो. दिवाळी तोंडावर आलेली, ऊसतोडीच्या टोळ्यांची निघायची घाई, आणि माझ्या टेबलावर कागदांचा असा ढीग, की पलीकडे बसलेला आमचा कारकून रामप्रसाद फक्त टोपीपुरता दिसत होता. अशा वेळी पाठीला लॅपटॉप लावलेली एक पोरगी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जयभीम गुरुजी. तुमचे फॉर्म बघू का जरा?" मी जयभीम केला आणि म्हणालो, बघायचे तर लांबून बघ, हात लावू नकोस. तिने बॅग खाली ठेवली आणि पहिला हात लावला तो फॉर्मांनाच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आमचं गाव धर्मापुरीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. दिवाळी झाली की निम्मं गाव कारखान्याला जातं आणि उन्हाळ्यात परततं. आईबाप ऊस तोडायला गेले तरी पोरांची शाळा बुडू नये म्हणून एका संस्थेच्या मदतीने आम्ही हे वसतिगृह चालवतो. संस्थेचा नियम कडक आहे. टोळ्या निघायच्या दिवशी संध्याकाळपर्यंत यादी पाठवायची, आणि यादीबाहेरचं मूल ठेवायचं नाही. मी या नियमावर पुष्कळ भांडलो आहे. भांडून उपयोग झालेला नाही.

आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. दोन माणसं मिळून एक कोयता; एकटा माणूस असला तर तो अर्धा. मुकादमाच्या टोळीत असे बरेच कोयते आणि प्रत्येक कोयत्याची आपापली पोरं. आमच्या कागदांत मात्र बाप एका गठ्ठ्यात, आई दुसऱ्यात आणि पोरं तिसऱ्यात असायची. तिन्ही गठ्ठ्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. एका उन्हाळ्यात एक बाप आपल्या पोराला न्यायला आला, तर आमच्या कागदावर त्याला मुलगी होती. त्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ही पंचशीला शेजारच्याच गावची, भारत आणि दगडाबाई जोगदंड यांची लेक. आईबाप दोघंही तोडीला जायचे. तिच्या लहानपणी इथे वसतिगृह नव्हतं, म्हणून तीही उसाच्या फडात जायची. शाळा तिने दरवर्षी दिवाळीपर्यंतच पाहिली. पुढे अंबाजोगाईच्या आत्याने तिला ठेवून घेतलं, तिथेच तिचं कॉलेज झालं, मग पुण्यात नोकरी. तिथे ती रुबी नावाच्या भाषेत वेबसाइटी लिहायला शिकली. रुबी ही भाषा आहे हे मला तिनेच सांगितलं. तोवर मला ते एखाद्या साबणाचं नाव वाटत होतं. आता ती घरी बसूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते.

आमच्यासाठी फुकट कावून राबतेस, असं रामप्रसादने तिला सरळच विचारलं होतं. ती म्हणाली, "मला ठिवून घेणारी आत्या होती. हितल्या लेकरांस्नी तुमी हायेत." एवढ्यावर मी फॉर्म तिच्या स्वाधीन केले.

तिने जे केलं ते मला समजलं तसं सांगतो. संगणकावर एकच फॉर्म. त्यात टोळी, टोळीच्या आत कोयते, कोयत्याच्या आत पोरं. पोरांच्या खाली एक बटण, 'आणखी एक मूल'. ते दाबलं की आणखी एक रिकामी ओळ उघडते. कोणाला एक पोर असो नाहीतर चार, कागद कमी पडायचा प्रश्न नाही. शेवटी एकदाच 'जतन करा' म्हणायचं, की सगळं घर आपापल्या जागी जाऊन बसतं.

बसतं, असं ती म्हणाली होती. पहिल्या चाचणीत टोळी जतन झाली, कोयते झाले आणि पोरं सगळी गायब. चूक दाखवणारा एक शब्द नाही. मी चिडलो. ती मात्र हसली आणि म्हणाली की आतल्यांना आत यायची परवानगी द्यायला ती विसरली. परवानगी नसली की फॉर्म त्यांना गुपचूप बाहेरच ठेवतो. दुसऱ्या चाचणीत एका पोराची जन्मतारीख राहिली, तर काहीच जतन होईना. बाप नाही, आई नाही, काही नाही. मी म्हणालो, एवढ्याशा तारखेसाठी आख्खं घर अडवून धरणारा हा कसला तुझा फॉर्म. त्यावर ती म्हणाली, "घरातलं एक लेकरू उपाशी असलं, तर बाकीचे जेवत्यात का गुरुजी? तसंच हाय ते." मी निमूट उठून ती तारीख शोधून आणली. सहसा होत नाही.

त्या हंगामात प्रत्येक मूल आपापल्या आईबापाच्या हाती गेलं. रामप्रसाद तर त्या बटणावर एवढा खूश होता की बिनपोरांच्या जोडप्यांनाही 'आणखी एक मूल' दाबून दाखवायचा.

पुढच्या वर्षी श्रावणात संजय ठोंबरे काविळीने गेला. धडधाकट माणूस, आठवड्यात संपला. त्याची बायको छबुबाई, आई केसरबाई आणि चौथीतली मुलगी सायली एवढे मागे राहिले. सायली आमच्या वसतिगृहातलीच. पाढे म्हणताना मान डोलावते, आणि चुकली तर डोलावायची थांबते, म्हणजे आपल्याला कळतं.

नव्या हंगामाची यादी रामप्रसाद करत होता. मेलेल्या माणसाचं नाव ठेवायचं कसं, म्हणून त्याने संजयच्या नावापुढचं 'काढा' दाबलं. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही तेच केलं असतं.

टोळ्या निघायच्या दिवशी सकाळी छबुबाई सायलीला घेऊन आली. मुलीच्या हातात पत्र्याची पेटी, मागे केसरबाई. रस्त्यावर गहिनीनाथ मुकादमाचा ट्रॅक्टर उभा, ट्रॉल्यांत भांडी, सरपण, शेळ्या, माणसं. रामप्रसादने यादी उघडली. सायली त्यात नव्हती. छबुबाईही नव्हती. ठोंबरे हे घरच नव्हतं.

मी म्हणालो, काळजी करू नका, मुलगी इथेच राहील, माझा शब्द आहे. छबुबाईने माझ्याकडे पाहिलं. मागच्या हंगामात एका मुलीला असाच शब्द देऊन ठेवलं होतं. मध्येच संस्थेची तपासणी आली आणि त्या पोरीला फडात पोचवावं लागलं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तोंडी नको गुरुजी," ती म्हणाली. "यादीत नाव न्हाई, तर माझी लेक माझ्यासंगं येईल." आणि तिने पेटी उचलली.

मी पंचशीलेला फोन केला. ती स्कूटीवर आली तेव्हा केसही धड विंचरलेले नव्हते. लॅपटॉप उघडून तिने थोडा वेळ पाहिलं. मग सगळ्यांसमोर सांगितलं, कोणावर न ढकलता. "रामप्रसादकाकाचं न्हाई, माझं चुकलं. कोयत्यात मी बापाच्या आत आई ठिवली आन् आईच्या आत लेकरं. बाप काढला की आतलं समदंच काढ, आसं मीच लिवलंय."

नाव काढायच्या आधीची प्रत तिच्याकडे होती. ती परत आणली की ठोंबरे घर जसंच्या तसं परत येणार होतं, संजयसकट. मला हायसं वाटलं. मी म्हणालो, मग प्रश्नच मिटला. राहू दे संजयचं नाव, कोण बघायला बसलंय. पाच मिनिटांचं काम.

छबुबाई पेटी घेऊन उंबऱ्यातच उभी होती.

"तो गेला, गुरुजी," ती म्हणाली. "आता तरी त्याला तोडीला नका धाडू."

मग केसरबाई पुढे झाली. पोराच्या जागी यंदा आपण सुनेबरोबर जातोय, आपल्या दोघींचा मिळून कोयता, तेव्हा नाव घालायचं तर आपलं घाला, असं तिने सांगितलं. मी गहिनीनाथाकडे पाहिलं. मुकादम माणूस, काय म्हणेल सांगता येत नाही. त्याने खांदे उडवले. ऊस तोडणारी दोन माणसं म्हणजे त्याच्या हिशेबी एक कोयता, मग ती कोणी का असेनात.

फॉर्मच्या हिशेबी मात्र तसं नव्हतं. तिथे वर पती आणि त्याच्या आत पत्नी, एवढ्याच दोन जागा होत्या. दोन बायकांना शिरायला तिथे वाट नव्हती.

पंचशीलेने गहिनीनाथाकडे दुपारपर्यंत वेळ मागितला. तो आधी कुरकुरला, मग ट्रॅक्टरचं चाक तपासायला निघून गेला. चाकाला काही झालेलं नव्हतं हे मी पाहिलं होतं. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे, पण त्याला हे सांगितलं तर तो नाकारेल.

ती पडवीत भिंतीला टेकून बसली. मी येरझारा घालत होतो, आणि मी येरझारा घातल्या की तिचं चुकतं असं सांगून तिने मला खाली बसवलं. काय करतेयस, म्हणून विचारलं तर काम न थांबवता तिने सांगितलं. आता वर बापही नाही आणि आईही नाही. वर फक्त कोयता. त्याच्या आत माणसांच्या जागा, शेजारी शेजारी, कोणीही या. पोरं मात्र कोयत्यात नाहीत, ती आपापल्या आईबापाला जोडलेली. कोयता मोडला, जोडीदार बदलला, माणूस तोडीला गेला किंवा न गेला, तरी कोणी कोणाला पुसून टाकणार नाही. हे एकट्या छबुबाईसाठी करून भागणार नव्हतं, सगळीच घरं नव्या रचनेत आणावी लागत होती. मध्ये एकदा पडद्यावर लाल अक्षरं आली. मी पुन्हा उठून उभा राहिलो. तिने नुसतं नाक खाजवलं आणि पुढे लिहीत राहिली.

सायली तिच्या शेजारी पेटीवर बसून होती. छबुबाईने भाकरीचं फडकं सोडलं आणि पहिला घास पंचशीलेच्या तोंडाजवळ नेला, कारण तिचे दोन्ही हात कामात होते. तिने न बघता तोंड उघडलं.

दुपार कलल्यावर पंचशीलेने छबुबाईला शेजारी बसवून नावं विचारली, जणू काही माहीतच नाहीत. कोयता. त्यात पहिलं माणूस छबुबाई, दुसरं केसरबाई. छबुबाईचं मूल, सायली. मग म्हणाली, दाबा तुम्हीच. छबुबाईने बोट पदराला पुसलं आणि दाबलं. घर जतन झालं. रामप्रसादने लगेच यादी संस्थेला पाठवली आणि सायलीच्या नावावर बोट ठेवून तिच्या आईला दाखवली.

छबुबाईने पेटी खाली ठेवली.

ती ट्रॉलीत चढली तेव्हा रडली नाही. सासूला हात देऊन वर घेतलं आणि शेळ्यांच्या बाजूला जागा केली. जाताना पंचशीलेला एवढंच म्हणाली, "लई केलंस बाय." या पोरीचे माझ्यावरही उपकार आहेत, आणि ते मला जड वाटत नाहीत. हाती आलेलं काम झटकून पाच मिनिटांत घरी जायची सोय मी तिला करून दिली होती. तिने ती घेतली नाही.

ट्रॅक्टर वळणाआड गेला. पंचशीला लॅपटॉप मिटायला लागली, तशी सायलीने तिची ओढणी धरली.

"ताई, बाबाचं नाव कुटं गेलं?"

पंचशीलेने लॅपटॉप पुन्हा उघडला, सायलीची स्वतःची नोंद काढली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"वाच."

"सायली संजय ठोंबरे." तिने खालची ओळही वाचली. "वडील, संजय."

"त्याला नुसतं कोयत्यातून काढलं," पंचशीला म्हणाली. "तुझ्यातून न्हाई."

सायलीने बराच वेळ त्या नावावर बोट धरून ठेवलं.

"म्हंजे यंदा बाबा तोडीला न्हाई गेला," ती म्हणाली, आणि पेटी उचलून आत आपल्या जागेवर ठेवायला गेली.