पाचटाखालची माती

पाचच मिनिटं पाठ टेकायची म्हणून द्वारका पंपाच्या खोलीतल्या खाटेवर आडवी होते. दुपारची भाकरी फडक्यात तशीच आहे. डोळे मिटले की द्राक्षबाग दिसते, उघडले की पत्रा. निफाडात पहाटे पारा पाचावर आला होता, उद्या आणखी उतरणार म्हणतात. तोडणीला दहा दिवस राहिलेत, आणि गारठ्यानं मणी तडकले की वर्षाची मेहनत मातीत. ओढ्याकडच्या सखल ओळींत तर आज सकाळीच काही मणी फुटलेत. ती कूस बदलते. पुन्हा बदलते.

खाट आता वेलींच्या ओळीत आहे. समोर सरसाक्का, तिची थोरली जाऊ, उकिडवी बसून काहीतरी चाचपतेय. दिवाळीत गेलेलं माणूस इथं कसं, हे विचारायचं द्वारकेला सुचतच नाही.

"काय शोधू राहिल्या, अक्का?"

"माती. कुठं दडवलीस?"

खाली जिकडंतिकडं उसाचं पाचट, वाळक्या पानांचा जाड थर. उन्हाळ्यात द्वारकेनंच अंथरलं होतं, ओल टिकावी म्हणून, आणि पाणी वाचलंही हो. थंडीच्या आधी ते ओढून घे, असं अक्का नवरात्रात सांगत होती. द्वारका फटकन बोलून गेली, तुमचा काळ गेला आता. तेवढ्यावरून महिनाभर अबोला, आणि मग बोलायला अक्काच राहिली नाही.

ओळ काही केल्या संपत नाही. चालता चालता घरची चूल लागते. फडताळातून घड लोंबताहेत, पातेल्यांत पाचट. द्वारका ते उपसते, पातेली पुन्हा भरतात.

"उपसत काय बसलीस? पाय टेक," अक्का म्हणते. "उजवा पाचटावर, डावा मातीवर."

उजव्याला काहीच कळत नाही. डाव्याखाली माती ओली आहे आणि ऊनऊन, चुलीवरून उतरवून ठेवलेल्या तव्यासारखी.

"ही दिवसा ऊन खाते तेव्हा रातच्याला वेलाला ऊब देते. तू तिला उन्हाचं तोंडच दिसू देईनास. पाचट ओढ, पाणी सोड, मग बघ."

"अक्का, माझं चुकलं. तेव्हाच कळत होतं मला, पण जीभ रेटेना."

"ठाऊक आहे गं. ते राहू दे. ऊन किती उरलंय ते बघ."

द्वारका दचकून उठते. दाराशी उन्हाचा पट्टा आहे, दीडच वाजलाय. डाव्या पायात काहीतरी टोचतंय. जाड पायमोजे तिनं पहाटेपासून काढलेले नाहीत. ती डावा मोजा ओढून काढते. बोटांच्या बेचक्यांत काळी ओली माती आहे. ती चिमटीत धरून बघते, तर अजून कोमट.

उजवा मोजा काढत ती बसत नाही. पंपाचं बटण दाबते, कोपऱ्यातलं पाचट ओढायचं दाताळं उचलते आणि तशीच, एक पाय अनवाणी, ओढ्याकडच्या ओळींकडं निघते. ऊन अजून चार तास आहे.