बाबांची माशांची टाकी आणि एक जुना पाइप

पाइप विकत घेताना बाबा आधी त्याचा वास घ्यायचे. नेहरू नगरच्या दुकानात त्यांनी कापलेला तुकडा नाकाशी धरला, तेव्हा दुकानदार माझ्याकडे बघून हसला.

"अंकल, सब पाइप एक जैसा ही होता है."

चष्मा कपाळावर सरकवून बाबा पाइपावरची बारीक छपाई वाचत राहिले.

स्टील प्लांटमध्ये ते फिटर होते, सगळी नोकरी पाण्याच्या लाइनवर झाली. निवृत्तीनंतर त्यांना स्मृति नगरच्या आमच्या घरामागे ॲक्वापोनिक्स करायचं होतं. मोबाईलवर बघून त्यांनी ते मनात पक्कं केलं होतं. खाली टाकीत मासे. त्यांचं पाणी पंपाने वर चढवायचं, भोकं पाडलेल्या आडव्या पाइपांतून फिरवायचं, भोकांत भाजी लावायची. भाजीच्या मुळांतून फिरून आलेलं पाणी परत माशांना.

"मासा चोवीस तास त्याच पाण्यात राहते ना बाई," ते मला समजावून सांगत. "अन् तेच पाणी भाजी पिते, ते भाजी आपण खातो. मंग पाइप कसाही कसा चालन?"

शेतीचा राखाडी पाइप नको, कारण त्यातल्या काहींत शिसं असतं. सांडपाण्याचा नको, तो पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलाच नसतो. पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून छापलेला, बिनशिशाचा पांढराच हवा. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावून जोड बसवले की ते पूर्ण सुकू द्यायचे, मग दोन-तीनदा पाणी भरून ओतून टाकायचं, मगच मासे. आणि वापरलेला पाइप कुणी फुकट दिला तरी घ्यायचा नाही.

"त्यातून आधी काय गेलं, हे पाइपावर लिवून नसते," ते म्हणायचे.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही त्या पाइपांतली लाल भाजी, म्हणजे लाल माठ, खाल्ली. आई एरवी या खटाटोपावर चिडायची, पण त्या दिवशी तिने शेजारी दोन घरी वाटी भरून भाजी पाठवली. मासे बोटभराचे वीतभर झाले. बाबा काठावर उभे राहिले की ते वर यायचे.

त्याच सुमारास बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग शब्द. एकदा जुनवानीहून परत येताना रोजच्या वळणावर स्कूटर थांबवून उभे राहिले आणि एका दुकानातून मला फोन केला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तो थांबणार नाही हेही सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते माशांना दाणे टाकले की कॅलेंडरवर खूण करू लागले. एकही दिवस चुकला नाही. "हे तर मले जमून राहिलं," ते आईला म्हणायचे.

मग एका दुपारी माकडांनी उड्या मारल्या आणि वरचा एक पाइप तडकला.

मी तेव्हा कोचिंग क्लासमध्ये शिकवत होते. त्या दिवशी बाबांचे मला पाच फोन आले, पाचही वेळा तेच. पाइप आण, पांढरा आण, छापलेलं वाचून आण. पाचव्यांदा मी पोरांसमोर त्यांच्यावर ओरडले. संध्याकाळी दुकानात गेले तर त्या मापाचा पाइप संपलेला. चार दिवसांनी येईल, दुकानदार म्हणाला. वाटेत एका ओळखीच्यांची रोपवाटिका होती. त्यांच्याकडे कोपऱ्यात तोच पांढरा पाइप पडला होता, छपाईसुद्धा तीच. रोपांवर औषध फवारायच्या लाइनचा होता. मी नळाखाली धरून धुतला आणि घरी आणला.

"नवाच हाय ना?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा. दुकानातूनच आणला."

त्यांनी वास घेतला. पण नाकाचाही भरवसा उरला नसावा. माझ्याकडे बघून मान हलवली आणि पाइप बसवला.

तिसऱ्या सकाळी आईने हाक मारली. सगळे मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. एक तेवढा कडेला तोंड उघडत-मिटत होता. बाबा त्याला ओंजळीत घेऊन बादलीतल्या ताज्या पाण्यात सोडत होते, तो पुन्हा आडवा होत होता.

"सोल्युशन सुकू देल्लं नाई वाटते मी," ते म्हणाले. "पाइप धुतला होता का? मले आठवूनच नाई राहिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एवढंच हवं होतं की कुणीतरी सांगावं, तुम्ही धुतला होता. त्यांनी तो तीनदा धुतला होता. मी स्वतः पाहिलं होतं.

मी म्हणाले, "जाऊ द्या बाबा. होते असं."

त्या आठवड्यात त्यांनी सगळे पाइप सोडवून ठेवले. स्कूटरची किल्ली आईच्या हातात दिली. गॅस पेटवणं बंद केलं. शेजारणीने नातवाला थोडा वेळ सांभाळायला आणलं, तर हात जोडून म्हणाले, "माया भरवशावर जीव नका ठेवू." डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकला. मला माहीत होतं, आजाराला एवढी घाई नव्हती.

आईला मी महिनाभराने सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"मंग त्याइले कावून नाई सांगत?"

"सांगते," मी म्हणाले. आणि रोज उद्यावर ढकललं. आधी वाटलं त्यांना राग येईल. मग वाटलं, येणार नाही, आणि ते मला अधिक जड गेलं असतं.

दीड वर्ष गेलं. एका दुपारी ते अंगणात खुर्चीवर बसले होते, मी त्यांची नखं कापत होते. आणि सांगून टाकलं. रोपवाटिका, औषध, खोटं, सगळं. तुमची चूक नव्हती बाबा, तुम्ही सगळं बरोबर केलं होतं.

त्यांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. माझा हात थोपटला. परक्या बाईचा थोपटावा तसा, जपून.

"रडू नका," ते म्हणाले. "तुमच्या बाबाले जाऊन सांगा ना हे. त्याइले लय बरं वाटन."

"हो," मी म्हणाले. "सांगते."

त्यांना समाधान वाटलं. उरलेली नखं कापायला त्यांनी दुसरा हात पुढे केला, आणि मी चहा घेऊनच जावं म्हणून त्यांनीच घराकडे तोंड करून आईला हाक मारली.