नळ आला का गं?

आम्ही तीन वर्षं ओळीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत गोव्याला गेलो, असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच चमक येते. त्यातही कळंगुट म्हटलं की झालंच. रात्रभर जागणारा किनारा, नाचगाणी, पावलापावलावर बार. लातूरच्या कारकुनाचं बिऱ्हाड तिथं काय करत होतं, असा प्रश्न लोकांना पडतो आणि पडायलाच हवा. खरं उत्तर असं, की आम्ही तिथं आंघोळ करायला जात होतो.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. नव्या कचेरीसाठी बाबांची नांदेडहून बदली झाली. पाट्या नव्या, टेबलं नवी, साहेब नवे, फक्त पाण्याचा पत्ता नव्हता. दुष्काळाची सालं होती ती. नळ कधी आठ दिवसांनी यायचा, कधी दहा, आणि तोही वेळ न सांगता. गल्लीत बायका भेटल्या की 'जेवलात का' असं विचारत नसत. "नळ आला का?" एवढंच. 'पाणी आलं का' असंही कुणी म्हणायचं नाही. यायचा तो नळच.

त्याच वर्षी बाबा प्यायला लागले. बदली होऊन आलेले सगळे एकेकटे, बायकापोरं मागं गावी ठेवलेली, आणि कचेरी सुटल्यावर या लोकांना जायला जागा नव्हती. बाबांना घर होतं, तरी ते त्यांच्यात बसायचे. त्याचा मला आजही राग येतो.

पहिल्या वर्षी गोव्याला गेलो ते बाबांच्या बालमित्राकडे. तो मूळचा मुदखेडचा. जंक्शनावर गाडी धरून जो पळाला तो थेट समुद्राला लागल्यावरच थांबला, असं बाबा म्हणायचे. कळंगुटला त्याचं लॉज होतं. वर खोल्या, खाली बार. आम्ही त्याला काका म्हणायचो. त्या पाच दिवसांत मी आणि धाकटा भाऊ मनसोक्त न्हालो, आणि बाबा मनसोक्त प्याले. शेवटच्या संध्याकाळी ते वाळूत पालथे पडले. मी आणि मायनं त्यांना दोन काखांत धरून ओढत आणलं. आजूबाजूला लोक नाचत होते, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

लातूरला परतल्यावर मायनं बाबांना समोर बसवलं. "आता एकदा जरी वास आला तर मी उमरीला जाईन. पुन्ना येनार न्हाई." उमरी तिचं माहेर. माय धमक्या देणाऱ्यातली नव्हती. ती एकदाच बोलायची.

बाबांनी सोडली. पण मायचा विश्वास बसेना, आणि स्वतः जवळ जाऊन हुंगायचं तिच्या मानी स्वभावात बसत नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं. मी अकरा वर्षांची होते. "बाबा आले की पळत जाऊन गळ्यात पडायचं," तिनं शिकवलं. "तुझ्यापून तोंड फिरवनार न्हाईत." मग ती चुलीपासून हाक द्यायची, "नळ आला का गं?" वास नसला तर मी म्हणायचं, "न्हाई." असला तर म्हणायचं, "आला." दुष्काळात हा प्रश्न कोण कुणाला विचारतंय याकडे कुणाचं लक्ष? खरा नळ आमच्या अंगणात होता आणि तो आला की सगळ्यांत आधी मायलाच कळायचं, त्यामुळे घोटाळा व्हायचा प्रश्नच नव्हता.

वर्षभर मी रोज पळत गेले आणि रोज "न्हाई" म्हणाले. तोवर तव्याशी थांबलेला मायचा हात मग भाकरी टाकायचा. मला त्या कामाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. घरात एवढी जबाबदारी दुसऱ्या कुणावर नव्हती. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढं पुढं तर ते मी दिसताच पिशवी पायरीवर ठेवून दोन्ही हात मोकळे करायला लागले. उंबऱ्यातच वाकून थांबायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात काकाचं पत्र आलं, या म्हणून. माय नको म्हणाली. भावाच्या पाठीवर उष्णतेनं फोड उठले होते, तरी नको म्हणाली. तेव्हा बाबा म्हणाले, "मला तितंच जाऊन दाखवायचं हाय."

मायनं भावाचा सदरा वर करून पाठीवरचे फोड पाहिले. "दाखवा मग," ती म्हणाली.

लातूरहून सोलापूर, तिथून कोल्हापूर, तिथून पुढं गोवा. सगळ्या एसट्यांत माय माझ्या शेजारी ताठ बसून होती. समुद्र दिसला तेव्हा भाऊ सीटवर उभा राहून ओरडला. मायनं समुद्राकडे पाहिलंच नाही. ती बाबांकडे बघत होती.

काकानं तीच खोली दिली. बरोबर खाली बार. दिवस मजेत जायचा, पण दिवे लागले की खालून गाणी सुरू व्हायची आणि मायचा चेहरा आवळायचा. बाबा मित्राशी गप्पा मारायला खाली जायचे. "लिंबूपानी घिऊन बसतो," असं सांगून जायचे. ते अर्ध्या तासानं आले तरी आम्हाला तो अख्खा दिवस वाटायचा. जिन्यात पाऊल वाजलं की मी पळायचे. लिंबाचा वास, घामाचा वास, बस्स. गॅलरीतून प्रश्न यायचा, "नळ आला का गं?" मी म्हणायचे, "न्हाई." न्हाणीघरात नळ धो धो वाहत असताना हा प्रश्न आणि हे उत्तर! भाऊ एकदा म्हणालाही, "माय, खुळी झालीस का? नळ तर हाय की." तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

तीन संध्याकाळी अशा पार पडल्या. चौथ्या दिवशी दुपारपासून पाणी गेलं. लॉजची मोटर बंद पडली होती. भाऊ वाळूत लोळून आलेला, मी त्याला न्हाणीत उभा करून उरलेल्या तांब्याभर पाण्यात साबण लावला आणि पाणी संपलं. बाबा म्हणाले, "बघून येतो," आणि खाली गेले. अर्धा तास झाला. एक तास झाला. खाली गाणी लागली. माय गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती, दोरीवरचा तोच टॉवेल ती तीनदा काढून तीनदा टाकत होती.

शेवटी बाबा आले. मी साबणाच्या हातांनीच गळ्यात पडले. त्यांच्या हातांना वंगण लागलं होतं, अंगाला घाम. दुसरा कसलाही वास नव्हता. "मोटर काय धड करून राहिले न्हाईत हे लोक," ते म्हणाले, "मीच बसलो खोलून." एवढ्यात न्हाणीतला नळ खोकला, एकदा, दोनदा, आणि सुटला. भाऊ किंचाळला. बाबा हसत हसत आत धावले, मी त्यांच्यामागं.

गॅलरीतून हाक आली, "नळ आला का गं?"

आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "आला! लई आला!"

आम्ही तिघं पाण्यात किती वेळ होतो कोण जाणे. बाहेर आले तर गॅलरी रिकामी होती. दोरीवरचा टॉवेल जमिनीवर. खाटेखालची मायची कापडी पिशवी नव्हती. भावाच्या अंगावर कपडेसुद्धा नव्हते आणि मी तशीच ओलीचिंब उभी. मी काय बोलले होते ते तेव्हा मला कळलं.

"माय कुटं गेली?" बाबांनी विचारलं. मी भावाची चड्डी शोधायला लागले.

भावाला चड्डी चढवून बाबांनी खांद्यावर घेतला आणि आम्ही रस्त्यावर आलो. ती वेळ त्या गावाची उठायची वेळ. दोन्ही बाजूंनी दिवे लागत होते, ढोल वाजल्यासारखं संगीत सुरू झालं होतं, मोटरसायकली अंगावर येत होत्या, माणसं हातात बाटल्या घेऊन मोठमोठ्यानं हसत होती. त्या सगळ्यांत एकटा माझा बाप शुद्धीवर नसल्यासारखा दिसत होता. ओला बनियन, कोपरापर्यंत वंगण, दिसेल त्या बाईच्या तोंडाकडे वाकून बघणं. दोन पोरींनी त्यांना बघून तोंडावर हात धरला. मला त्या पोरींना ढकलून द्यावंसं वाटलं.

"मी काय बोललो तिला?" ते मला सारखं विचारत होते. "तू तर हुतीस. कायी बोललो का मी?"

सांगितलं असतं तर मायचं वर्षभराचं गुपित फुटत होतं. नाही सांगितलं तर माय उमरीला जात होती, तेही माझ्या एका शब्दावर. मी नुसती चालत राहिले. आयुष्यात इतकी मी कधीच घाबरले नाही, नंतरच्या मोठ्या दुखण्यांतही नाही.

म्हापशाला जाणारी बस जिथून सुटायची तिथं माय पिशवीवर बसली होती, समुद्राकडे पाठ करून. बस उभी होती, माणसं चढत होती. बाबा समोर जाऊन उभे राहिले. तिनं मान वर केली नाही.

"कुटं निघालीस?"

"पोरीला इचारा."

बाबा माझ्याकडे वळले. कंडक्टरनं घंटी दिली. माय उठली, पिशवी उचलली, एक पाय पायरीवर ठेवला.

"माय, खरा नळ आला हुता!" मी ओरडले. "खरा नळ गं! पान्याचा!"

तिचा पाय पायरीवरच राहिला. मग तिनं ते केलं, जे वर्षभरात केलं नव्हतं. मागं फिरली, भर रस्त्यात बाबांच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि वास घेतला. बस निघून गेली. माय मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. पोरांना घ्यायला आत आले असते तर माझं पाऊल उचललं नसतं, असं काहीतरी ती म्हणत होती.

मला इतका आनंद झाला होता की बाबा अजून तिथंच उभे आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"खरा नळ म्हंजे?" त्यांनी विचारलं.

माय पदरातून तोंड काढेना. मग मीच सांगितलं. सगळंच सांगितलं, प्रश्न काय, उत्तर काय, आणि मी रोज पळत का यायचे. त्यांनी खांद्यावरचा भाऊ खाली उतरवला.

"म्हंजे तू उंबऱ्यात पळत यायचीस ते..." एवढंच म्हणाले. मायवर रागावले नाहीत, माझ्यावरही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी पुन्हा कधीच दारूला हात लावला नाही. तिसऱ्या वर्षीही आम्ही गोव्याला गेलो, पुष्कळ न्हालो. माय एकदा पाण्यातसुद्धा उतरली. सगळं ठीक झालं असं नातेवाईक म्हणायचे आणि ते खरंही होतं. फक्त लातूरला संध्याकाळी बाबा कचेरीतून आले की पिशवी हातातच ठेवून उंबऱ्यात थांबायचे, मायच्या दिशेनं तोंड उघडून मोठा श्वास सोडायचे आणि मग आत यायचे. ती नको म्हणायची, तरी सोडायचे. मी पळत जायचं बंद केलं होतं. कसं जाणार?

परवाच्या वर्षी ते आजारी पडले. नांदेडच्या दवाखान्यात खाटेवर होते, बोलणं गेलं होतं, माणसं ओळखत होते. मी प्रवासातून आले ती थेट त्यांच्यापाशी गेले आणि वाकून गळ्यात पडले. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कष्टानं तोंड उघडलं आणि माझ्या चेहऱ्यावर श्वास सोडला.

"न्हाई बाबा," मी म्हणाले, "मी नुसतीच आले."