टेस्टरतात्यांचं टोपलीतलं चीज

आमच्या गावातून कुणी मुंबईला निघालं की टेस्टरतात्या त्याला एस.टी.च्या थांब्यावर गाठत आणि चांगलं चीज कुठं मिळतं ते सांगत. माणूस कशासाठी चाललाय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. कुणी डोळ्याच्या ऑपरेशनला, कुणी गिरणीत चिकटायला, कुणी पळून गेलेल्या पोराला शोधायला निघालेला असे. येडशीला छोट्या रुळांची गाडी धरायची, कुर्डुवाडीला मोठी, या विवंचनेत तो असायचा आणि तात्या त्याला बोरीबंदरपासून फोर्टातल्या पारशाच्या दुकानापर्यंतची वळणं सांगत असायचे. "काचंतलं पिवळंधमक बघून भुलू नका. आदी वास घ्या, मंग चाखाया मागा. जो चाखाया देत न्हाय, त्येच्या दारात उभं ऱ्हाऊ नका." एकदा एका म्हातारबुवांनी विचारलं, "पर चीज मंजी काय ओ?" तात्या म्हणाले, "दूध नासू न देता म्हातारं करायचं, त्येला चीज म्हणत्यात." म्हातारबुवा एस.टी.त चढेपर्यंत हसत होते.

येडशीच्या बाजूला जी वाशी आहे, तिकडच्या आमच्या गावात तेव्हा सहकारी दूध संस्था होती. तात्या तिथं दुधाची फॅट बघायचे, म्हणून टेस्टर. मी तिथंच कारकून होते, गावातली पहिली नोकरीवाली मुलगी, त्यामुळे नाकावर माशी बसू देत नसे. तात्यांनी तरुणपणी आठ-दहा वर्षं मुंबईत त्या पारशाच्या दुकानात काढली होती. त्याच्या म्हाताऱ्या आईनं त्यांना टोपलीतलं चीज करायला शिकवलं. मऊ, पांढरं, लहानशा टोपलीत लावायचं आणि त्याच्याच पाण्यात ठेवायचं. बहात्तरच्या दुष्काळात वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तात्या गावी परतले ते कायमचेच.

त्यांचं नाक म्हणजे एक प्रकरण होतं. कॅनचं झाकण उचललं की ते नुसता वास घेऊन सांगत, "हिनं करडईचा पाला खाल्लाय," किंवा "वैनीला म्हणावं, कॅन राखंनं घासला, पर धुतला न्हाय." मशीन नंतर फिरे आणि तात्यांचंच खरं निघे. दूध मात्र त्यांनी जिभेवर कधी घेतलं नाही. त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. तात्या बौद्ध, भीमनगरात राहणारे. आम्ही लिंगायत, पेठेत किराणा दुकान. तात्यांचा हात लागलेलं दूध टँकरनं शहरात जाई तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. चहाला मात्र त्यांची कपबशी खिडकीत वेगळी असे, आणि ती ते स्वतः विसळून ठेवत.

त्यांनी सांगितलेला दुकानाचा पत्ता मनावर घेणारा एकच माणूस निघाला, माझे वडील. मालाच्या खरेदीला मुंबईला गेले आणि त्या दुकानातून चीजचा मोठा तुकडा घेऊन आले. आईनं तो लोणी समजून तूप कढवायला चुलीवर ठेवला. तूप काही सुटेना, कढईत नुसता चिकट गोळा झाला. वडील चिडले, आई रडली आणि आम्ही भावंडांनी ती कढई उलथन्यानं खरवडून फस्त केली. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितल्यावर तात्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग हळूच म्हणाले, "चव कशी लागली, बाई?" मी म्हटलं, लई झ्याक. ते बराच वेळ खुशीत होते. ते चीज कुणाच्या हातचं, असं त्या दिवशी आमच्या घरात कुणीही विचारलं नव्हतं.

पुढं पुन्हा दोन वर्षं पाऊस गेला. गायी-म्हशी छावणीत गेल्या, संस्थेत कॅन रिकामे खडखडू लागले. गावात तगल्या त्या शेळ्या. बाभळीच्या शेंगा खाऊनही दूध द्यायच्या, पण शेळीचं दूध संस्थेत चालत नव्हतं. भीमनगरातल्या बायका ते पोरांना पाजून उरलेलं अक्षरशः ओतून देत. तात्यांच्या डोक्यात तिथून एक कल्पना घोळू लागली. त्यांनी बुरडाकडून वाटीएवढ्या टोपल्या विणून घेतल्या. मुंबईत या चीजचं दूध घट्ट जमावं म्हणून कोंबडीच्या पोटातली साल लावत. ती आमच्या पेठेत चालायची नाही म्हणून तात्यांनी अंजिराच्या पानांचा चीक लावून बघितला. कधी कडू झालं, कधी दूध जमलंच नाही. तीन महिन्यांनी एका सकाळी ते कामावर आले ते हसतच. "जमलं, बाई. सुरीनं कापावं असं जमलं."

संस्थेच्या नावाचा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. शेळीचं दूध घ्यावं, त्याचं चीज करावं, मुंबईला पाठवावं. मी मन लावून, वळणदार अक्षरात लिहिला. सही करताना तात्या म्हणाले, "मुंबईत मोठमोठे सायब माज्या हातचं खात हुते. गावात कुनी खाल्लं न्हाय अजून. मीटिंगला आनतो. तुमी पैलं खावा, बाई. तुमी खाल्लं की बाकीचे खात्याल." मी हो म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

मीटिंग सोमवारी होती. चेअरमन, संचालक, सगळी पेठेतली आणि वरच्या आळीतली मंडळी. तात्यांनी धुतलेला सदरा घातला होता. बारा टोपल्या त्यांनी केळीच्या पानावर उपड्या केल्या. प्रत्येक चीजवर टोपलीच्या विणीची नक्षी उठली होती. इतकं सुंदर काही त्या पत्र्याच्या खोलीत त्याआधी कधी आलं नसेल. चेअरमन म्हणाले, "वा! दिसतंय तर बेस." एकाची दाढ दुखत होती. एकाला शेळीचं उग्र लागतं. एक जण खिडकीबाहेर बघू लागला. तात्यांनी पान उचललं आणि माझ्यासमोर धरलं.

मी म्हणाले, "आज सोमवार ना तात्या. माझा उपास."

सोमवारी मी सकाळ-संध्याकाळ दूध पीत असे. उपासाला दूध, दही, खवा, पेढा सगळं चालतं हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. तात्यांनी तर मला त्याच टेबलावर कितीतरी सोमवारी पेढा खाताना पाहिलं होतं. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, हेच मला अजून सोसत नाही. ते म्हणाले, "व्हय की. उपासाला दुधाचं चालत न्हाय. माज्या ध्यानातच आलं न्हाय." आणि पान घेऊन बाहेर गेले. अर्ज पुढच्या मीटिंगवर टाकला, आणि पुढच्या मीटिंगला तो विषयच निघाला नाही.

तात्यांनी मला कधी बोल लावला नाही. नाकानं वास घेत राहिले, कुणाच्या कॅनमध्ये किती पाणी ते सांगत राहिले. फक्त थांब्यावर जाणं त्यांनी सोडलं. लोक मुंबईला जात, आपल्या चिंता घेऊन जात आणि कुणी त्यांना काही सांगत नसे. त्यांच्या मुलाला ठाण्याकडं नोकरी लागली तेव्हा तात्यांनी राजीनामा दिला. निरोपाला मी नारळ आणि टॉवेल दिला. "येत जावा गावाकडं," म्हटलं. "येतो की," म्हणाले. आले नाहीत.

पुढं मी लग्न होऊन पुण्याला आले. इथं चीजची दुकानं आहेत, चाखायलाही देतात. मी चाखते आणि घेऊन येते. वाईट नसतं. पण बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या शेळीच्या दुधाला अंजिराचा चीक लावला तर त्याची चव कशी लागत असेल, हे मला या गावात कोण सांगणार?

मागं माहेरी गेले होते, तेव्हा बाजारात तात्यांची बायको भेटली, भावकीतल्या लग्नाला गावी आलेली. तात्या गेल्याचं तिच्याकडूनच कळलं. मी म्हटलं, "काकू, तात्यांचं ते टोपलीतलं चीज..." तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "त्ये लई येळा सांगायचे बगा. म्हनायचे, बाईंच्या लई मनात हुतं खायाचं. पर येवढी मान्सं बसल्याली, एकटी पोर काय करील? त्येंनी कदी तुमास्नी नावं ठिवली न्हाईत."

खरं तसं नव्हतं. त्या दिवशी माझ्या मनातच नव्हतं. चार माणसांच्या धाकानं मी थांबले नव्हते, मला स्वतःलाच ते खायचं नव्हतं. हे काकूंना सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली.

मनात आता आहे.