रेषा का वळली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे — सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

दर रविवारी दादरला मी शेअर बाजाराचा क्लास घेतो. आलेख, सरासरीच्या रेषा; रेषा वर वळली की खरेदीची खूण, खाली वळली की विक्रीची खूण. तोंड चालतं माझं, म्हणून लोक येतात. आणि त्या रेषांमागचं गणित? ते कॉम्प्युटर करतो, आपण कशाला डोकं शिणवायचं — असं माझं चाललं होतं.

संदीप माझा शाळेपासूनचा मित्र. लालबागला त्याची मसाला कांडपाची गिरणी, वडिलांनी उभी केलेली. क्लासला पहिल्या रांगेत बसायचा. एकदा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अरे, भाव तर जागचा हललेला नाय. मग रेषा वर कशी वळली?"

मला माहीत नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते ना! म्हटलं, "मोठे लोक गुपचूप माल उचलतायत. तू मिरच्या कूट, गणित माझ्यावर सोड." वर्ग हसला. तोही हसला. निघताना म्हणाला, "गिरणीवर कर्ज काढलंय. उद्या घेतोच."

घरी चैन पडेना. कागद घेऊन बसलो. वीस दिवसांची सरासरी — रोज नवा भाव आत येतो, सर्वांत जुना बाहेर जातो. त्या दिवशी बाहेर गेला होता एक जुना, पार आपटलेला भाव. तो गेला म्हणून सरासरी वाढली, रेषा वळली. बस्स! कोणी काही उचलत नव्हतं. शाळकरी गणित, आणि मी म्हणे सर!

सकाळी बाजार उघडायच्या आत एक फोन करायचा होता. हातात घेतला. पण सांगणार काय — की मला येत नाही तेच मी शिकवतो? ठेवून दिला.

त्यानं शेअर घेतले. भाव घसरतच गेला, शेवटी गिरणी गेली. तो माझ्याकडे आला, समोर बसून रडला. तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? उघडलं. म्हणालो, "खूण बरोबर होती रे. तू धीर सोडलास." भित्रा तर मी होतोच, त्या दिवशी नीचही झालो.

आता तो दुसऱ्याच्या गिरणीत कामाला आहे. परवा तिथे गेलो, तर त्यानं सोबतच्या माणसाला माझी ओळख करून दिली — "हा आमचा सर. ह्याचं काय चुकलं नव्हतं, मीच धीर सोडला."

आणि मी मान डोलावली.